नमुना खाटेपाशी घडतो

निरोगी माणसाच्या शरीरात साधारण 38 लाख कोटी जीवाणू असतात आणि त्याच्या स्वतःच्या पेशी साधारण 30 लाख कोटी. रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो यांनी 2016 साली मांडलेला हा हिशेब आता सगळीकडे वापरला जातो. यातले बहुतेक जीवाणू मोठ्या आतड्यात राहतात आणि त्यांच्या शेकडो जाती असतात. अतिदक्षता विभागात दीर्घकाळ पडून राहिलेल्या काही रुग्णांच्या आतड्यात मात्र एक ते चार जातीच उरतात, असं शिकागोच्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं. ते वाचलं आणि माझं काम आयसीयूकडे वळलं.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. पुण्यातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या आयसीयूतून शौचाचे, तोंडातले आणि श्वासनलिकेतले नमुने घ्यायचे, त्यांतल्या डीएनएवरून कोणते जीवाणू टिकले आणि कोणते गेले ते शोधायचं, हे आमच्या गटाचं काम आहे. दरवर्षी नवी मुलंमुली येतात. यंत्र कसं चालवायचं आणि संगणकावर आलेख कसा काढायचा, हे त्यांना येत असतं किंवा चार आठवड्यांत येतं. पण ज्यावर सगळं उभं आहे ते पदव्युत्तर अभ्यासक्रमात कुणी शिकवत नाही. नमुना प्रयोगशाळेत घडत नाही, खाटेपाशी घडतो. तिथे जे निसटलं ते पुढे कितीही महागड्या यंत्रातून परत मिळत नाही. त्यांना तोंडी जे सांगत आले ते इथे लिहिते आहे.

1. आजाराच्या आधीचा नमुना आपल्याकडे नसतोच

आमच्यापर्यंत रुग्ण थेट घरून क्वचित येतो. आधी गावातले डॉक्टर, मग तालुक्याचं रुग्णालय, मग इथलं कॅज्युअल्टी. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी प्रतिजैविक दिलेलं असतं. कॅज्युअल्टीत सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, वर आल्यावर पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम, परिस्थिती बिघडली तर मेरोपेनेम. आपण स्वॉब हातात घेऊन उभे राहतो तेव्हा आतड्यातली वस्ती आधीच हललेली असते.

म्हणून पहिला नमुना शक्य तितक्या लवकर घ्यावा, आणि तरी त्याला निरोगी अवस्थेचा नमुना समजू नये. अमेरिका आणि कॅनडातल्या 115 आयसीयू रुग्णांचा जो अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही पहिला नमुना दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतलेला होता. 48 तासांत आतड्यात पुष्कळ काही होऊन गेलेलं असतं.

घाईलाही मर्यादा आहे. संसर्गामुळे शॉकमध्ये गेलेल्या रुग्णाला पहिल्या तासाभरात प्रतिजैविक मिळालं पाहिजे, असं सेप्सिसच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या तासावर आपला काडीचाही हक्क नाही. आमच्या स्वॉबसाठी इंजेक्शन दोन मिनिटं थांबलेलं मला चालत नाही, आणि नव्या मुलांना मी हे पहिल्याच दिवशी सांगते.

गेलेली माहिती थोडीफार परत मिळते ती नातेवाइकांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीतून. तिच्यात जुनी फाइल, एक्स-रे आणि अर्धवट संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या असतात. “घरी काय औषध चालू होतं?” असं विचारलं तर उत्तर येतं, “तापाची गोळी.” पट्टी पाहिली की ती ॲझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची निघते. म्हणून तोंडी उत्तरावर थांबू नये. परवानगी घेऊन पिशवी उघडावी आणि प्रत्येक पट्टीचं नाव लिहून घ्यावं.

2. शौचाची वाट पाहावी लागते

प्रकल्पाच्या आराखड्यात “दिवस 1, दिवस 3, दिवस 7: शौचाचा नमुना” असं लिहिणं सोपं असतं. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला फेंटानिल चालू असतं, त्याला हालचाल नसते, रायल्स ट्यूबमधून पातळ फीड जात असतं. पहिले काही दिवस त्याला संडास होतच नाही. मग पोट साफ करायला लॅक्टुलोज दिलं जातं, आणि होते तेव्हा पाण्यासारखी होते, बहुधा रात्रपाळीत.

इथे दोनच वाटा आहेत. वाट पाहायची किंवा गुदद्वारातून स्वॉब घ्यायचा. स्वॉब ठरल्या वेळी घेता येतो. न्यूयॉर्कमधल्या एका गटाने 301 रुग्णांचे असे स्वॉब आयसीयूत येतानाच घेतले आणि ज्यांच्या आतड्यात एन्टरोकॉकस या जीवाणूचं वर्चस्व होतं त्यांच्यात पुढे मृत्यू किंवा संसर्ग अधिक दिसला. पण स्वॉबवर येणारा माल थोडा असतो, त्यात त्वचेवरचे जीवाणूही मिसळतात. प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी फार कमी असलेल्या रुग्णात तो घेण्याआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. माझं मत असं की एक पद्धत ठरवावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी. निम्म्या रुग्णांचं शौच आणि निम्म्यांचे स्वॉब एकत्र करून काढलेल्या आलेखात रुग्णांमधला फरक दिसतो की पद्धतीमधला, हे कुणालाच सांगता येत नाही.

शौच घ्यायचंच ठरवलं तर मावशींशी मैत्री करा. संडास झाली हे डॉक्टरांच्या आधी मावशींना कळतं. डायपरमधून घेताना जेलला चिकटलेला भाग नको, मधला घ्यायचा. बेडपॅन वापरला असेल तर तो आधी कशाने धुतला ते विचारायचं. फिनेल किंवा हायपोक्लोराइटचा अंश राहिला असेल तर आत काय होतं आणि काय मेलं, याचा भरवसा उरत नाही. हे मला मावशींनीच सांगितलं. कुठल्याही नियमावलीत ते मी वाचलेलं नाही. आणि शौच कसं होतं तेही लिहायचं. ब्रिस्टल तक्त्यातले सात प्रकार भिंतीवर चित्रांसह लावून ठेवले की मावशी नुसतं बोट ठेवून सांगतात.

3. सिस्टरांचं घड्याळ पाहून आपलं वेळापत्रक आखावं

तोंडातल्या स्वॉबची वेळ आम्ही कागदावर सकाळी साडेसहा धरली होती, कारण प्रयोगशाळेची गाडी सातला निघायची. काम सुरू होण्याआधी मी तो कागद रात्रपाळीच्या सीनियर सिस्टरांना दाखवला. त्या म्हणाल्या, “मॅडम, सहाला आम्ही क्लोरहेक्सिडिनने तोंड पुसतो. साडेसहाला तुम्ही काय शोधणार?”

त्या एका वाक्याने आमचे कितीतरी नमुने वाचले. वेळ पहाटे पाचवर आली. शेवटचं माउथ केअर कधी झालं हा रकाना आमच्या तक्त्यात त्या दिवशी वाढला.

तेव्हापासून मी प्रत्येक नव्या आयसीयूत आधी एक पूर्ण रात्र नुसती बसून काढते. कुठलं काम कधी होतं, अंघोळ कधी, ड्रेसिंग कधी, फीड कधी थांबतं, ट्यूबची पट्टी कधी बदलतात, हे पाहते. आयसीयूतल्या प्रत्येक कामाचा जीवाणूंवर काही ना काही परिणाम असतो. जवळजवळ प्रत्येक रुग्णाला ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल चालू असतं. पोटातलं आम्ल कमी झालं की तोंडातले जीवाणू जिवंत खाली उतरतात आणि शौचात सापडू लागतात. आलेखात तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस आतड्यात दिसले तर आजाराचा नवा शोध लागला असं वाटण्याआधी औषधांचा चार्ट पाहावा. डोस, तारीख, वेळ, सगळं चार्टवर असतं. ते उतरवून घ्यायला नमुना घेण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, आणि तो दिलाच पाहिजे. औषधांची नोंद नसलेला नमुना मी मोजणीत घेत नाही.

4. रिकामा स्वॉब हाही नमुनाच

हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं, म्हणून सविस्तर लिहिते.

जीवाणू ओळखण्यासाठी आम्ही बहुतेक वेळा 16एस नावाचं जनुक वाचतो. सुमारे 1,500 अक्षरांचं हे जनुक प्रत्येक जीवाणूत असतं, थोड्याथोड्या फरकाने. या जनुकापासून बनणाऱ्या रेणूची तुलना करून कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये आर्किया हा सजीवांचा वेगळा गट आहे असं दाखवलं. आपण त्या जनुकाच्या लाखो प्रती करतो आणि मग वाचतो. प्रती करणाऱ्या रसायनाला रुग्णाचा डीएनए आणि बाहेरून आलेला डीएनए यांतला फरक कळत नाही. नमुन्यात माल भरपूर असेल, शौचात असतो तसा, तर बाहेरचा अंश बुडून जातो. पण श्वासनलिकेतल्या स्रावात किंवा अर्धवट कोरड्या स्वॉबवर जीवाणू मुळातच थोडे असतात. तिथे बाहेरचा अंशच पुढे येतो.

हा बाहेरचा डीएनए येतो कुठून? नमुना घेणाऱ्याच्या हातावरून आणि हवेतून येतो, पण त्याहून जास्त डीएनए वेगळा करण्याच्या किटमधूनच येतो. सुसाना सॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये हे इतकं नीट दाखवलं की त्याआधीचे पुष्कळ निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले. किटमध्ये सापडणाऱ्या जीवाणूंच्या त्यांच्या यादीत ब्रॅडीरायझोबियम आहे. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन पेरताना बियाण्याला जे रायझोबियमचं संवर्धक चोळतात, ते याच कुळातलं. सोयाबीनच्या मुळांवर गाठी करणारा हा मातीतला जीवाणू व्हेंटिलेटरवरच्या माणसाच्या फुफ्फुसाच्या यादीत दिसला, तर त्याचं कौतुक करण्याआधी किटची बाटली तपासावी.

नव्या मुलांचा यावर नेहमी एक प्रश्न असतो: “पण मॅडम, सगळं निर्जंतुक असतं ना?” निर्जंतुक असतं. पण ऑटोक्लेव्हने जीवाणू मरतो, त्याचा डीएनए सगळाच नष्ट होत नाही. स्पिरिटने पुसलेल्या टेबलावर जिवंत काही उरलं नाही तरी वाचता येईल असं बरंच उरतं. संवर्धन करून जंतू वाढवणाऱ्या प्रयोगशाळेला याने फरक पडत नाही. आपल्याला पडतो.

म्हणून आमच्याकडे नियम आहे. दर फेरीला खाटेपाशी एक स्वॉब पाकिटातून काढायचा, रुग्णाला न लावता हवेत धरायचा आणि बाकीच्यांसारखाच नळीत घालायचा. सक्शनसाठी वापरलेलं सलाइन वेगळ्या नळीत घ्यायचं. डीएनए काढताना एक नळी पूर्ण रिकामी चालवायची आणि प्रती करताना आणखी एक. शिवाय आधीपासून ठाऊक असलेल्या जीवाणूंचं मिश्रण सोबत चालवायचं. बाजारात आठ जीवाणू आणि दोन यीस्टचं असं मिश्रण मिळतं. त्यातले जाड भिंतीचे ग्रॅम-पॉझिटिव्ह जीवाणू निकालात कमी आले, तर भिंत फोडण्यासाठी बारीक मण्यांनी घुसळण्याची पायरी कमी पडली असं समजायचं.

या सगळ्याला पैसे लागतात. अनुदानाच्या अर्जात रिकाम्या नळ्यांचा खर्च दाखवला की समितीतलं कुणीतरी भुवया उंचावतं. मी तो खर्च कधीही कापू दिलेला नाही. रुग्णांचे नमुने कमी करीन, रिकाम्या नळ्या कमी करणार नाही.

5. फुफ्फुसाबद्दल जपून बोलावं

निरोगी फुफ्फुस निर्जंतुक असतं, असं आम्हाला शिकवलं होतं. तसं ते नसतं. मिशिगनच्या रॉबर्ट डिक्सन यांच्या गटाने 2016 मध्ये दाखवलं की सेप्सिस आणि एआरडीएस (फुफ्फुसं अचानक निकामी होणं) असलेल्या रुग्णांच्या फुफ्फुसात आतड्यातले जीवाणू सापडतात. हे फार मोठं काम आहे. पण आम्ही ट्यूबमधून सक्शन करून जे ओढतो, त्यात फुफ्फुसाच्या तळाशी काय आहे यापेक्षा ट्यूबच्या आतल्या थरावर काय वाढलं आहे तेच जास्त येऊ शकतं. त्यातला बहुतेक डीएनए माणसाचा असतो, आणि प्रती करताना जनुक पकडणाऱ्या आमच्या प्राइमरना कधी कधी माणसाच्या मायटोकाँड्रियाचाही भाग जीवाणूंचा वाटतो. या नमुन्यावरून “फुफ्फुसात अमुक आहे” असं वाक्य मी लिहू देत नाही. “श्वासनलिकेतल्या स्रावात” असं लिहा. तेवढंच आपण पाहिलेलं असतं.

सक्शन आमच्यासाठी कधीच करायचं नाही, हेही इथेच सांगते. रुग्णाला गरज असेल तेव्हा सिस्टर करतील, तेव्हा स्राव जमा करणारा ट्रॅप जोडायचा. सक्शनमध्ये ऑक्सिजन खाली जातो, माणूस घुसमटतो. बेशुद्ध असला तरी घुसमटतो.

6. ज्याचा नमुना, त्याला विचारलेलं नसतं

रुग्ण बेशुद्ध, ट्यूबवर. सही करतो मुलगा, नवरा, भाऊ. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कायदेशीर प्रतिनिधीची संमती चालते. आमच्याकडे नैतिकता समितीची मान्यता असते. कागद पूर्ण असतात. तरी बाहेरच्या बाकड्यावर रात्रभर बसलेल्या माणसाकडे फॉर्म घेऊन जाणं मला आजही जड जातं, आणि ते जड जावं असंच मला वाटतं.

साताऱ्याकडच्या एका मुलाने मला विचारलं होतं, “ताई, आईच्या संडासात तुम्ही काय बघणार?” प्रश्नात राग नव्हता. आईची लाज राखायची धडपड होती. आपल्याकडे आईच्या अंगाचं असं काही परक्याच्या हातात जाणं मुलाला सोसत नाही. मी त्याला सांगितलं की आतड्यातले चांगले जीवाणू या आजारात नाहीसे होतात, ते कधी आणि कुठल्या औषधाने जातात हे आम्ही शोधतो आहोत. हेही सांगितलं की याचा तुमच्या आईला आज काही उपयोग होणार नाही. हे दुसरं वाक्य आधी म्हणायचं, पाहिजे तर दोनदा म्हणायचं. आयसीयूच्या दाराबाहेर उभ्या माणसाला आशेचा धागा हवा असतो, आणि पांढरा कोट घातलेलं कुणी काही विचारतं आहे म्हणजे उपचारच असणार, असं तो धरून चालतो. नकार दिला तर उपचार कमी होतील ही भीती त्याच्या मनात असते. ती भीती दूर केल्याशिवाय घेतलेली सही मी सही मानत नाही.

त्याने विचार करून उद्या सांगतो म्हटलं. उद्या हो म्हणाला. पहिला नमुना एक दिवस उशिरा मिळाला. तो उशीर मी तक्त्यात लिहिला. उशिराची नोंद विश्लेषणात सांभाळता येते.

रुग्ण शुद्धीवर आला की त्याला स्वतःला पुन्हा विचारायचं. हे काम बहुतेक ठिकाणी राहून जातं, कारण तोवर तो वॉर्डात गेलेला असतो आणि आपण पुढच्या खाटेकडे वळलेले असतो. एका काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट नाही म्हटलं. “माझं नको,” एवढंच. त्यांच्या सगळ्या नळ्या आम्ही नष्ट केल्या, नोंदी काढल्या. ते त्यांच्या हक्काचं होतं. या नळ्यांत जीवाणूंबरोबर त्या माणसाचा स्वतःचा डीएनएही असतो, हे विसरता येत नाही. म्हणूनच जाहीर करायच्या माहितीतून मानवी डीएनए आधी गाळून काढतो, मगच ती बाहेर जाते.

7. थंडी

उणे 80 अंशांचा फ्रीझर आयसीयूत नसतो. मे महिन्यात तिथून प्रयोगशाळेपर्यंतची नळी उन्हातून जाते. नळीत डीएनए टिकवणारं द्रावण असेल तर ती काही काळ बाहेर राहिली तरी निभतं. नसेल तर जगलेले जीवाणू त्या तासाभरात वाढतात, विशेषतः ई. कोलायसारखे भराभर वाढणारे, आणि मग आपण गाडीतला प्रवास मोजतो. सगळ्या नमुन्यांना एकच द्रावण वापरावं, घेतल्याची आणि फ्रीझरमध्ये ठेवल्याची, दोन्ही वेळा लिहाव्यात. यापुढे सांगण्यासारखं फार नाही.

8. तुलना कुणाशी?

निरोगी आतडं कसं असतं, हे अमेरिकेच्या ह्यूमन मायक्रोबायोम प्रोजेक्टने 2012 मध्ये मांडलं. ती माणसं अमेरिकेतली होती. पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यावर जे काम केलं, त्यातून आपल्याकडे प्रेव्होटेला हा जीवाणू ठळक असल्याचं पुढे आलं. ज्वारी, बाजरी, डाळी, भाजी अशा धान्य-तंतूंच्या आहाराशी त्याचा संबंध जोडला जातो. अमेरिकी आकडे समोर ठेवून आपल्या रुग्णाचं आतडं बिघडलं म्हणणं मला पटत नाही. प्रेव्होटेला जास्त दिसला म्हणून कुणी त्याला आजार ठरवेल.

मग तुलनेला घरचेच लोक घ्यावेत, असं आम्ही ठरवलं. एकाच चुलीवरचं खाणारे, एकाच विहिरीचं किंवा नळाचं पाणी पिणारे. कल्पना चांगली आहे, मी आजही तिच्या बाजूने आहे. पण आयसीयूबाहेर बसलेला नातेवाईक घरी असतो तसा नसतो. तो वडापाव आणि चहावर असतो, झोपलेला नसतो, आणि बऱ्याचदा स्वतःही कसलीतरी गोळी घेत असतो. त्याचा नमुना पहिल्या दिवशी घ्यावा किंवा सगळं आटोपून घरी गेल्यावर काही आठवड्यांनी घ्यावा. मधल्या दिवसांतला घेऊ नये.

आणखी एक गोष्ट इथेच जोडते. आपले निकाल टक्केवारीत येतात. एन्टरोकॉकस 80 टक्के, असं दिसलं की तो बेसुमार वाढला असं वाटतं. पीक जळून गेलेल्या शेतात उरलेलं तण शंभर टक्के दिसतं, मग ते चार काड्या का असेना. म्हणून एकूण जीवाणू किती, हे क्यूपीसीआर या चाचणीने वेगळं मोजावं. वाढ झाली की बाकीचे संपले, या दोन्हींचा रुग्णासाठी अर्थ वेगळा आहे.

9. सातव्या दिवशी कोण उरतं ते पाहावं

या कामातला सर्वांत अवघड प्रश्न प्रयोगशाळेच्या बाहेरचा आहे.

सातव्या दिवसाचा नमुना त्याचाच मिळतो जो सातव्या दिवशी आयसीयूत आहे. जो बरा होऊन वॉर्डात गेला तो यादीतून गळतो, जो वारला तोही गळतो. त्यामुळे पहिल्या आणि सातव्या दिवसाच्या सरासऱ्या शेजारी ठेवल्या की आपण दोन वेगळ्या गटांची तुलना करत असतो. हा गुंता जगभर आहे, आणि त्यासाठी संख्याशास्त्रात पद्धतीही आहेत.

आपल्याकडे आणखी एक गट असतो. बिल वाढत जातं, जमीन गहाण पडते, सरकारी आरोग्य योजनेत आजार बसत नाही, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घरचे म्हणतात, आम्ही घेऊन जातो. केसपेपरवर वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज असं लिहिलं जातं. आमच्या तक्त्यात त्या ओळीपुढचे रकाने रिकामे राहतात. परदेशी नियतकालिकांचे परीक्षक विचारतात, पाठपुराव्यात इतके रुग्ण का सुटले? मी दरवेळी पूर्ण लिहिते: पैसे संपले म्हणून घरी नेले. “अन्य कारणे” या नावाखाली हे जाऊ देत नाही. कारण हे लोक सरासरी रुग्णांपेक्षा वेगळे असतात. बहुधा गावाकडचे, उशिरा पोचलेले, वाटेत जास्त ठिकाणी औषधं घेतलेले. त्यांना वगळून काढलेलं आपल्या आयसीयूचं चित्र म्हणजे ज्यांना परवडलं त्यांच्या आतड्याचं चित्र असतं. शास्त्राच्या नियमानेही ते चूक आहे आणि माणूस म्हणून तर सहन न होणारं आहे. घरी गेलेल्यांपैकी ज्यांनी हो म्हटलं त्यांना टिकाऊ द्रावणाची नळी बरोबर देऊन आम्ही काहींचे नमुने मिळवतो. फोन करताना मात्र आधी तब्येत विचारायची, नमुन्याचं नंतर. पुष्कळदा नमुन्यापर्यंत बोलणं जातच नाही.

10. “मग दही चालेल का?”

हा प्रश्न प्रत्येक घरचा माणूस विचारतो. चांगले जीवाणू जातात म्हटल्यावर ते परत घालावेत, हे कुणालाही सुचेल.

चांगल्या जीवाणूंचं महत्त्व फार पूर्वी कळलं आहे. 1950-60 च्या दशकांत मार्जोरी बोनहॉफ आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की साल्मोनेलाचा संसर्ग व्हायला एरवी सुमारे एक लाख जीवाणू लागतात, पण आधी स्ट्रेप्टोमायसिन दिलेलं असेल तर दहापेक्षाही कमी पुरतात. मेलबर्नच्या आयसीयूतल्या अभ्यासात क्लेब्सिएलाचे जे संसर्ग झाले, त्यांपैकी जवळपास निम्मे रुग्णाच्या स्वतःच्या आतड्यात आधीपासून असलेल्या वाणाचे निघाले. हे 2017 मधलं. आपल्या आयसीयूंत औषधांना न जुमानणारी क्लेब्सिएला रोजची झाली आहे, त्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला जास्तच लागू पडतो.

पण बाहेरून जीवाणू देणं आयसीयूत तितकं सरळ नाही. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी देऊन व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचा न्यूमोनिया टळतो का, हे सुमारे 2,650 रुग्णांवर तपासलं गेलं. 2021 मध्ये उत्तर आलं की टळत नाही. बोस्टनच्या मुलांच्या आयसीयूत प्रोबायोटिक दिलेल्या 522 पैकी सहा मुलांच्या रक्तात तोच जीवाणू उतरला होता, हे 2019 मध्ये जनुकवाचनाने सिद्ध झालं. दुसरीकडे ओडिशाच्या खेड्यांतल्या निरोगी नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लान्टेरम दिल्यावर सेप्सिस आणि मृत्यू मिळून 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. साडेचार हजारांवर बाळांचा तो अभ्यास 2017 मध्ये नेचरमध्ये आला. जीवाणू कुणाला, कधी आणि कुठला द्यायचा, यावर सगळं अवलंबून आहे. ज्याच्या गळ्यात सेंट्रल लाइन आहे आणि आतड्याचं अस्तर सैल झालं आहे त्याला जिवंत जीवाणू देणं ही वेगळी गोष्ट आहे.

म्हणून मी विचारणाऱ्याला सांगते, आयसीयूत असेपर्यंत नळीतून दही नको, डॉक्टर सांगतील तेच. घरी गेल्यावर भाकरी, डाळ, भाजी, आणि पचेल तेव्हा दही. आणि प्रतिजैविक सुरू असेल तर ते मधेच आपल्या मनाने थांबवू नका. ते कधी थांबवायचं, हे रोज विचारणं हे आमचं आणि डॉक्टरांचं काम आहे.

आम्ही जिथे काम करतो त्या आयसीयूत नमुन्यांचे आलेख पाहिल्यानंतर डॉक्टरांनी एक छोटी सुरुवात केली. खाटेच्या पायथ्याच्या पाटीवर प्रत्येक प्रतिजैविकापुढे “आज कितवा दिवस” असा आकडा सिस्टर लिहितात, आणि सकाळच्या राउंडला त्या आकड्यावर बोलल्याशिवाय पुढच्या खाटेकडे कुणी जात नाही. आमच्या तक्त्यातला औषधांचा रकाना आता मी त्याच पाटीवरून भरते.